२५० की २४०? मटेरियलचे आकडे शोधणं, तपासणं आणि नीट ठेवणं

भोसरीतल्या आमच्या छोट्या डिझाइन ऑफिसात नवीन आलेला मुलगा चहाच्या वेळी विचारतो, "सर, ईएन८चं यील्ड किती घेऊ? नेटवर २८० पण दिसतंय, ३८५ पण आणि ४६५ पण."

"शाफ्ट केवढा आहे?"

"साठ एमएम."

"हीट ट्रीटमेंट?"

इथे तो गप्प. ड्रॉइंगवर फक्त 'ईएन८' लिहिलंय, आणि ते मीच लिहिलंय.

त्याने शोधलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. ईएन८ हे मध्यम कार्बनचं स्टील; बीएस ९७० या ब्रिटिश मानकात त्याचं नाव ०८०एम४०. नॉर्मलाइज केलेल्या (तापवून हवेत थंड केलेल्या) मालाला १५० मिमी जाडीपर्यंत किमान यील्ड, म्हणजे ज्यापुढे माल कायमचा वाकतो तो ताण, २८० मेगापास्कल. हार्डन-टेम्पर करून 'क्यू' अवस्थेत आणला तर ३८५, पण फक्त ६३ मिमीपर्यंत. 'आर' अवस्थेत ४६५, आणि तेही फक्त १९ मिमीपर्यंत. या स्टीलची हार्डनेबिलिटी कमी, त्यामुळे जाड बार तेलात बुडवला तरी गाभ्यापर्यंत कडकपणा पोचत नाही. म्हणून साठच्या शाफ्टला ४६५ धरणं ही निव्वळ चूक. ३८५ धरायचं तर तशी ट्रीटमेंट ऑर्डरमध्ये लिहायला हवी. त्यातही एक मेख आहे. शाफ्ट साठचा असला तरी बार पासष्टचा येतो. तो तसाच भट्टीत गेला तर ६३ची मर्यादा ओलांडली. आधी रफ टर्निंग करून बासष्टवर आणायचा, मग ट्रीटमेंट, मग फिनिश. आणि बाजारातून आणलेला काळा बार सरळ लेथवर चढवणार असाल तर २८० धरायचं आणि विषय संपवायचा.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, फुकटचं किंवा लाखांचं, ते हे आपण होऊन सांगत नाही. विचारलं तर सांगतं. म्हणून पहिली पायरी सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधीची आहे.

आधी प्रश्न पूर्ण लिहा

कागदावर एका ओळीत लिहायचं: मटेरियल कोणतं, कोणत्या मानकाप्रमाणे, कोणत्या रूपात (प्लेट, बार, पाइप, कास्टिंग, एक्स्ट्रूजन), कोणत्या अवस्थेत, किती जाडी किंवा व्यास, किती तापमानाला, आणि आकडा कशासाठी हवाय. शेवटचं सगळ्यांत जास्त विसरलं जातं. ताकदीच्या हिशेबाला किमान हमीचा आकडा लागतो. टेस्टिंगमध्ये डिफ्लेक्शन किती दिसेल याचा अंदाज बांधायचा असेल तर सरासरी चालतो. फॉर्मिंग किंवा पंचिंगसाठी प्रेस किती टनाचा लागेल हे काढताना मात्र उलटं: तिथे जास्तीत जास्त यूटीएस (तुटण्याआधी माल पेलतो तो सर्वांत मोठा ताण) धरायचा, नाहीतर प्रेस कमी पडतो.

आमच्या परवाच्या कन्व्हेयरच्या कामात ही ओळ अशी होती: 'बेस फ्रेम, आयएस २०६२ ई२५०, प्लेट, २५ मिमी, खोलीचं तापमान, किमान यील्ड'. नाव ई२५० म्हणून सगळे २५० धरतात. मानकात २५० हा आकडा २० मिमीच्या आतल्या जाडीचा आहे. २० ते ४० मिमीला २४०, त्यापुढे २३०. चार टक्क्यांचा फरक. फॅक्टर ऑफ सेफ्टी त्याला सहज पोटात घेतो. पण क्लायंटच्या तपासनिसाने रिपोर्टमध्ये २५ मिमी प्लेटसमोर २५० बघितलं की पुढचं प्रत्येक पान तो संशयाने वाचतो.

नावांचा गुंता सोडवा

'ईएन८' मधलं ईएन आणि 'ईएन १००२५' मधलं ईएन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश यादीतलं, दुसरं आजचं युरोपियन मानक. आपल्याकडे जुनं नाव बाजाराच्या तोंडी इतकं बसलंय की कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये ०८०एम४० मागितलं तर समोरचा आधी तुमच्याकडे बघेल.

ॲल्युमिनियममध्येही तेच. शॉपवर एचई२०, एचई३० आणि एचई९ म्हणतात. जगाच्या डेटाबेसमध्ये तीच नावं अनुक्रमे ६०६१, ६०८२ आणि ६०६३ अशी आहेत. भारतीय मानकात त्यांनाच ६५०३२, ६४४३० आणि ६३४०० म्हणतात. शोधताना 'एचई३०' टाकून काही सापडलं नाही म्हणून माल अस्तित्वातच नाही असं समजू नका.

भारतीय स्टीलची नावं मात्र वाचता येतात. ४०सी८ म्हणजे कार्बन सरासरी ०.४० टक्के, मँगनीज सरासरी ०.८ टक्के. हे एकदा कळलं की निम्मी यादी पाठ करावी लागत नाही.

समतुल्य ग्रेडच्या तक्त्यांबाबत हात राखून राहा. ईएन८ आणि सी४५ बाजारात एकाच श्वासात घेतात. ईएन८मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४, सी४५मध्ये ०.४२ ते ०.५०. थोडं एकमेकांवर चढतं, पण वेल्डिंग करायचं असेल तर वरच्या टोकाचा सी४५ तुम्हाला तडा दाखवून जातो. समतुल्य म्हणजे 'जवळचा', 'तोच' नव्हे. म्हणून शीटमध्ये मी 'समतुल्य' असा वेगळा रकाना ठेवतो. नावाच्या रकान्यात ते कधीच येऊ देत नाही.

आता शोधा

मॅटवेब हे बहुतेकांचं पहिलं ठिकाण. बघायला फुकट आहे आणि लाखाच्या वर डेटाशीट आहेत. शोधताना नुसतं '६०६१' टाकू नका, अवस्थेसकट '६०६१-टी६' टाका (टी६ म्हणजे हीट ट्रीटमेंटने कडक केलेली अवस्था). अमेरिकन ग्रेड असेल तर त्याचा यूएनएस क्रमांक (धातूंना दिलेला एकच ठरलेला क्रमांक) टाकला की नावांचा गोंधळच राहत नाही. ३०४ स्टेनलेसचा एस३०४००, ६०६१चा ए९६०६१. यादीत 'ओव्हरव्ह्यू' अशी सुरुवात असलेल्या नोंदी दिसतील. त्या अनेक ग्रेडची खिचडी आहेत, अंदाज घ्यायला ठीक, हिशेबाला नाही.

पान उघडल्यावर आकड्याकडे नंतर बघा, आधी उजवीकडचा शेऱ्याचा रकाना वाचा. ६०६१-टी६च्या पानावर यील्ड २७६ मेगापास्कल दिसतं, आणि शेऱ्यात लिहिलेलं असतं: 'एए, टिपिकल'. म्हणजे अमेरिकेच्या ॲल्युमिनियम असोसिएशनने दिलेला सर्वसाधारण आकडा, हमीचा नव्हे. तुम्ही एक्स्ट्रूजन घेताय तर एएसटीएम बी२२१ प्रमाणे हमी २४० मेगापास्कलची. ३६ मेगापास्कल गेले ते फक्त एक शब्द न वाचल्यामुळे. त्यातून तो ब्रॅकेट वेल्ड करणार असाल तर वेल्डशेजारच्या पट्ट्यात टी६ उरतच नाही, ताकद निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. तिथला आकडा वेगळा शोधावा लागतो.

हमीच्या आकड्यासाठी शेवटी मानकच उघडावं लागतं. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की बहुतेक भारतीय मानकं मोफत उतरवता येतात. आयएस २०६२ उतरवून एकदा सगळं वाचा. तासाभराचं काम आहे. शिरोलीकडून कास्टिंग घेणाऱ्यांनी ग्रे आयर्नसाठी आयएस २१० आणि एसजी आयर्नसाठी आयएस १८६५ जवळ ठेवावं. एफजी २६० मध्ये २६० हे टेन्साइल आहे, यील्ड नव्हे. ग्रे आयर्नला यील्ड असा नेमका बिंदूच नसतो, तरी एफईएच्या (कॉम्प्युटरवर ताण-विकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डायलॉग बॉक्समध्ये तो रकाना रिकामा दिसला की माणसाला काहीतरी भरावंसं वाटतं. भरू नका.

द्रव आणि वायूंसाठी मॅटवेब सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं केमिस्ट्री वेबबुक उघडा, पाणी, हवेतले वायू, रेफ्रिजरंट यांचे गुणधर्म तापमान आणि दाब देऊन तक्त्यात मिळतात. कोड लिहिणाऱ्यांना कूलप्रॉप ही मोफत लायब्ररी सोयीची. एक्सेलमधूनही वापरता येते.

कॉलेजात असाल तर ग्रँटा एज्युपॅक आहे का ते लायब्ररीत किंवा मेकॅनिकलच्या लॅबमध्ये विचारा. केंब्रिजच्या मायकेल ॲशबी यांच्या नावाने ओळखले जाणारे आलेख त्यात स्वतः काढता येतात: एका अक्षावर घनता, दुसऱ्यावर यंग्ज मॉड्युलस, आणि सगळी मटेरियल्स बुडबुड्यांसारखी पसरलेली. मटेरियल *निवडायला* याच्यासारखं दुसरं साधन नाही. पण निवड झाली की अंतिम आकडा परत मानकातूनच.

मटेरियल्स प्रोजेक्ट नावाचा मोठा खुला डेटाबेसही शोधताना समोर येतो. तो संशोधकांसाठी आहे. त्यातले आकडे बहुतांशी क्वांटम गणनेतून आलेले, निर्दोष स्फटिकाचे असतात. बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर पीएचडी करताय तर सोन्याची खाण. ब्रॅकेट करताय तर तिकडे वळू नका. चॅटबॉटला विचारून मिळालेल्या आकड्याबाबत माझा नियम साधा आहे: त्याच्याकडून मानकाचं नाव आणि तक्ता विचारायचा, आकडा आपण स्वतः तिथे जाऊन बघायचा.

कॅडच्या लायब्ररीतला सापळा

सॉलिडवर्क्सच्या मूळ यादीत ६०६१च्या एकाहून जास्त नोंदी आहेत. '६०६१ अलॉय' या नोंदीत यील्ड सुमारे ५५ मेगापास्कल; ती ॲनील केलेली, मऊ अवस्था. 'टी६' असं स्पष्ट लिहिलेल्या नोंदीत २७५. नाव जवळजवळ सारखं, ताकद पाचपट वेगळी. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत, पण घाईत यादीतली पहिली दिसेल ती निवडणाऱ्याला हा फरक स्ट्रेस प्लॉट लाल होईपर्यंत कळत नाही.

दुसरी गोष्ट दशांश स्थळांची. ३०४ स्टेनलेससमोर २०६ पूर्णांक आणि पुढे तीन स्थळं दिसली की वाटतं कोणीतरी फार बारकाईने मोजलंय. ३०,००० पीएसआय म्हणजे २०६.८ मेगापास्कल, एवढंच. एएसटीएम ए२४० मध्ये तोच किमान आकडा मेट्रिकमध्ये सरळ २०५ दिलाय.

उपाय: कंपनीचं स्वतःचं मटेरियल फोल्डर करा. सॉलिडवर्क्समध्ये मूळ नोंदी बदलता येत नाहीत. नोंद कॉपी करून 'कस्टम मटेरियल्स'मध्ये पेस्ट करायची आणि तिथे आकडे आणि नाव दोन्ही बदलायचे. ती फाइल नेटवर्कवरच्या एका ठिकाणी ठेवून सगळ्यांच्या सेटिंगमध्ये तोच पत्ता द्यायचा. फ्रीकॅडमध्ये मटेरियल कार्ड ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. मला ती पद्धत जास्त आवडते. नाव असं ठेवा की यादीत बघूनच कळावं: 'आयएस२०६२ ई२५० बीआर, प्लेट २०-४०, किमान'. लांब वाटेल. वाटू दे.

स्वतःची शीट

दहा-पंधरा मटेरियलवर चालणाऱ्या ऑफिसला महागडा डेटाबेस लागत नाही, एक्सेल पुरतं. पण बहुतेक जण ती शीट आडवी करतात: एका ओळीत एक मटेरियल, आणि पुढे यील्ड, यूटीएस, घनता असे रकाने. पहिल्या आठवड्यात छान दिसते. मग ई२५०च्या तीन जाड्या येतात, ईएन८च्या तीन अवस्था येतात, आणि यील्डच्या एकाच चौकोनात कोणीतरी '२८०/३८५' लिहितं. तिथे शीट मेली.

उभी करा. एका ओळीत एकच आकडा. रकाने असे: मटेरियल, मानक आणि त्याचं वर्ष, रूप, अवस्था, जाडी पासून, जाडी पर्यंत, तापमान, गुणधर्म, आकडा, एकक, प्रकार, स्रोत, कोणी भरलं, कोणी तपासलं, तारीख. 'प्रकार' मध्ये फक्त चारच शब्द चालतील: किमान, कमाल, टिपिकल, मोजलेला. त्यासाठी डेटा व्हॅलिडेशनची ड्रॉपडाउन लावा, नाहीतर महिन्याभरात 'मिन', 'किमान', 'गॅरंटीड' आणि 'मिनिमम' असे चार भाऊ एकाच घरात राहायला येतात आणि फिल्टर निकामी होतो.

जाडीचे दोन वेगळे रकाने मी हौसेने सांगत नाही. एकाच चौकोनात जाडी '१०-१२' अशी टाकली की एक्सेल तिची तारीख करून टाकतो. आमच्याकडे एका प्लेटची जाडी कित्येक महिने डिसेंबर महिना होती.

एकक सगळीकडे एकच ठेवा, ताकदीला मेगापास्कल. मूळ स्रोतात वेगळं एकक असेल तर तो आकडा जसाच्या तसा शेजारच्या रकान्यात नोंदवा. जुन्या टेस्ट सर्टिफिकेटवर अजून किलो प्रति चौरस मिमी दिसतं; तिथले ५८ म्हणजे ५६९ मेगापास्कल, ९.८०७ने गुणून. अमेरिकन शीटवरच्या केएसआयला (हजार पीएसआय) ६.८९५ने गुणा. मूळ आकडा जपला नाही तर नंतर चूक गुणाकारात होती की वाचण्यात, हे कधीच कळत नाही.

स्रोताच्या रकान्यात 'नेट' लिहिणाऱ्याला आमच्याकडे सगळ्यांचा चहा द्यावा लागतो. मानकाचा तक्ता क्रमांक, किंवा पानाचं नाव आणि बघितल्याची तारीख, एवढं तरी हवं. पानाची पीडीएफ काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवली तर उत्तम, संकेतस्थळं बदलतात.

'तपासलं' चा रकाना रिकामा असेल तर ती ओळ आपोआप पिवळी होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. पिवळ्या ओळीतला आकडा क्लायंटच्या रिपोर्टमध्ये जाणार नाही, हा एकच नियम भिंतीवर लावलाय.

टीसीचं काय करायचं

मालाबरोबर येणारं टेस्ट सर्टिफिकेट (टीसी) म्हणजे त्या विशिष्ट हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या मालाचा, मोजलेला डेटा. त्याची वेगळी शीट करा: हीट नंबर, सप्लायर, माप, केमिकल, यील्ड, यूटीएस, इलाँगेशन, कोणत्या जॉबला लागलं. टीसीवर ई२५०चं यील्ड ३१० आलं म्हणून डिझाइनमध्ये ३१० धरण्याचा मोह होतो. धरू नका, पुढची प्लेट दुसऱ्या हीटची असेल. पण वर्षभराच्या टीसी एकत्र दिसल्या की एखाद्या सप्लायरचा माल सतत किमान मर्यादेला घासून येतोय का, हे डोळ्याला दिसतं.

हातात टीसी नाही आणि बार संशयास्पद वाटतोय, तर हार्डनेस मारा. कार्बन स्टीलमध्ये ब्रिनेल आकड्याला साधारण ३.४५ने गुणलं की यूटीएसचा अंदाज येतो. २०० ब्रिनेल म्हणजे जवळपास ६९० मेगापास्कल. हा अंदाजच आहे, पण ट्रीटमेंट झालीच नाही असा बार त्यात लगेच सापडतो.

एफईएमध्ये भरताना

इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. बऱ्याच सॉल्व्हरमध्ये एकक नसतंच, तुम्ही द्याल ते खरं. मिमी, न्यूटन आणि सेकंद धरले की वस्तुमान टनात येतं, म्हणून स्टीलची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात अशी भरावी लागते. मी उणे सहावा भरला होता, म्हणजे किलो प्रति घन मिमी. स्टॅटिक रिझल्ट चोख, वजनही किलोत वाचलं तर अगदी बरोबर, म्हणून शंका आली नाही. मोडल (कंपनाच्या फ्रीक्वेन्सी काढणारं ॲनालिसिस) केलं तेव्हा फ्रेमची पहिली फ्रीक्वेन्सी १.४ हर्ट्झ आली. घनता हजारपट म्हणजे फ्रीक्वेन्सी हजाराच्या वर्गमुळाने, जवळपास ३१.६पट कमी. खरं उत्तर ४४च्या आसपास होतं. दोन दिवस मी फ्रेमला रिब्स लावत बसलो होतो.

याच एककांत थर्मल कंडक्टिव्हिटीचा आकडा बदलत नाही, पण स्पेसिफिक हीटला दहाच्या सहाव्या घाताने गुणावं लागतं. स्टीलचे ४९० होतात ४.९ गुणिले दहाचा आठवा घात. लक्षात ठेवण्यापेक्षा शीटमध्येच 'सॉल्व्हरसाठी' असा रकाना करून सूत्र घालून ठेवा.

आणि नवीन मटेरियल भरलं की पाच मिनिटांची परीक्षा घ्या. १०० मिमी लांब, १० बाय १०चा बार. एक टोक धरून दुसऱ्याला १००० न्यूटन ओढा. मॉड्युलस २,१०,००० असेल तर लांबी ०.००४७६ मिमीने वाढली पाहिजे, आणि वस्तुमान ७८.५ ग्रॅम, म्हणजे सॉल्व्हरच्या भाषेत ७.८५ गुणिले दहाचा उणे पाचवा घात टन. मोठ्या बारला शॉपवरचं जुनं सूत्र आहेच: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरचं वजन किलोत. साठच्या बारचे २२.२ किलो. मॉडेलचं वजन याच्याशी जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

शीट कधी सोडायची

ओळी हजाराच्या घरात गेल्या, किंवा तीन जण एकाच वेळी भरायला लागले, की एक्सेल कुरकुरायला लागतं. तेव्हा एसक्यूलाइटवर जा. डीबी ब्राउझर हे मोफत साधन घ्या, उभी शीट सीएसव्ही करून आत ओढा. शीट पहिल्यापासून उभी आणि एककं स्वच्छ असतील तर हे एका दुपारचं काम आहे. आडवी असेल तर आठवडा जातो. मोठ्या कंपन्यांत ग्रँटा एमआयसारख्या प्रणाली असतात, त्यात मंजुरी आणि आवृत्त्या सांभाळल्या जातात, पण आत रकाने साधारण हेच.

आवृत्त्यांसाठी आमची पद्धत गावठी आहे. आकडा बदलायचा तर जुनी ओळ पुसायची नाही. तिच्यापुढे 'रद्द' लिहून तारीख टाकायची आणि नवी ओळ खाली घालायची. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट कोणत्या आकड्यावर केला होता, हे क्लायंट कधीतरी विचारतोच.

त्या दिवशी चहा संपल्यावर मुलाने शीट उघडून भरली ती ओळ अशी: ईएन८ / बीएस ९७०, ०८०एम४० / बार / नॉर्मलाइज्ड / ० / १५० / खोलीचं / यील्ड / २८० / मेगापास्कल / किमान. खाली दुसरी, क्यू अवस्थेची, ६३ पर्यंत, ३८५. मी दोन्ही तपासून सही केली, पिवळा रंग गेला. मग ड्रॉइंग काढून 'ईएन८' पुढे 'नॉर्मलाइज्ड' लिहिलं आणि रिव्हिजन बी केली.